मराठी संकेतस्थळांची दर्शनी रचना

संकेतस्थळाचा जो भाग संगणकाच्या अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रत्यक्ष दिसतो आणि ज्याच्याद्वारे वाचक आपले काम करून घेतो, त्यास स्थळाची दर्शनी बाजू म्हणतात. ती रचणाऱ्या वेब डेव्हलपरचे प्रमुख उद्दिष्ट वापरसुलभता हे असते. मराठीत या उद्दिष्टाचा इतिहास बव्हंशी लिपीचाच इतिहास आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या विश्वजालाची पृष्ठे आरंभी अगदी साधी होती. पृष्ठाचा आशय व त्याचे रूप परस्परांपासून वेगळे ठेवणाऱ्या सीएसएस या भाषेचा पहिला प्रमाण पाठ डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली होती. देवनागरीचे ‘इस्की’ हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक ठरले व त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही या लिपीस स्थान मिळाले. तथापि तत्कालीन न्याहाळकांना ती नीट दाखविता येत नसे. परिणामी मराठी वृत्तपत्रांच्या स्थळांनी रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृती बसविलेले आपापले फाँट वापरले. तो फाँट संगणकावर नसल्यास बातमीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. मजकुराचे चित्र करून लावणे हा उपाय त्याहून वाईट होता; कारण असा मजकूर शोधता येत नाही आणि अंधांसाठी वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलींना तो मूकच राहतो.

विंडोज २००० या प्रणालीबरोबर आलेल्या ‘मंगल’ या युनिकोड फाँटने ही कोंडी बरीचशी फोडली. त्याचे अभिकल्पक र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार होते. पुढे फाँट पृष्ठाबरोबरच पाठविण्याची सोय झाली आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ यासारखे फाँट विनामूल्य मिळू लागले.

इंग्रजीसाठी केलेली मांडणी मराठीस जशीच्या तशी लागू पडत नाही. वेलांट्या, मात्रा व उकार यांमुळे दोन ओळींत अधिक अंतर लागते. अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते. पृष्ठाची भाषा मराठी अशी नोंदविली नाही, तर काही फाँटमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची हिंदी वळणे उमटतात. यांहून अवघड प्रश्न ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांतील अर्ध्या ‘र’चा आहे. कळफलकागणिक तो दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी टंकित होतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, शोधात मात्र ती भिन्न ठरतात.

याचे गांभीर्य जमिनीच्या नोंदी शोधताना कळते. ज्ञानदेवांनी वेद म्हणविले अशी कथा असलेल्या रेड्याच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या आळे (ता. जुन्नर, जि. पुणे) येथील खातेदारास महाभूलेख या शासकीय स्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांकाने किंवा नावाने सातबारा शोधता येतो. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव नोंदीत एका क्रमाने व शोधात दुसऱ्या क्रमाने टंकित झाले असेल आणि शोधापूर्वी दोन्ही रूपे एक करून घेण्याची योजना आज्ञावलीत नसेल, तर नोंद असूनही ती हाती लागणार नाही. वारसाहक्काने जमीन आलेल्या ज्या खातेदारास गट क्रमांक ठाऊक नसतो, त्याची सारी भिस्त नावाच्या शोधावरच असते.