मोकळी हवा, कोंडलेली हवा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते. जुन्या वारकऱ्याचं अंथरूण म्हणजे एक घोंगडी. घरी सुतळीची बाज. तिच्याखालून वारा मोकळा खेळे.

1823 साली चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी रबर लावलेल्या कापडाचे पेटंट घेतले. पुढे अशा कापडात हवा कोंडून गाद्या झाल्या. बाजेखाली हवा मोकळी, इथे ती बंदिस्त! म्हणून रोज निजायला अशी गादी घ्यायची, तर रात्रभर हवा टिकते का, कंबर खचते का, हे आधी पाहावे. वर घोंगडी अंथरावी. लोकर घाम शोषते, गारवा अडवते. तान्ह्या मुलाला मात्र तिच्यावर कधीच निजवू नये. तोंड रुतून श्वास कोंडतो.