धरणें

मराठींत ‘धरणें’ हें क्रियापद इतकें रोजच्या वापरांतलें आहे कीं, त्याच्या पोटांत केवढा इतिहास आहे याची दाद आपणांस सहसा नसते. आपण हात धरतों, वाट धरतों, मनांत अढी धरतों. आंब्यानें मोहोर धरला म्हणतों, आणि लोणच्यानें बुरशी धरली असेंही म्हणतों. या सर्वांहून निराळा व आमच्या मतें सर्वांत मानी प्रयोग म्हणजे ‘धरणें धरून बसणें’. येथें दुसऱ्यास अडवावयाचें तें हातानें नव्हे, उपाशी देहानें.

धनको ऋणकोच्या दारांत उपाशी बसे. तो उठेपर्यंत ऋणकोनेंही जेवूं नये, उंबरा ओलांडूं नये, अशी रूढि. बसणारा ब्राह्मण असला तर ब्रह्महत्येची भीति वर आणखी! मनूनें ऋणवसुलीचे पांच मार्ग सांगितले आहेत. त्यांतील ‘आचरित’ या शब्दाखालीं टीकाकार हें दारांत बसणें घालतात.

सैन्याचा पगार तुंबला कीं शिपाई हाच मार्ग धरीत. 1809 सालीं शिंद्यांच्या छावणींत असलेला ब्रौटन हा इंग्रज अंमलदार आपल्या पत्रांत लिहितो कीं, वरचेवरच्या धरण्यांनीं दौलतराव शिंदे अगदीं त्रासून गेले होते. पण पाटणकरांनीं खासगींतून उचललेल्या 50,000 रुपयांचा करार पाळला नाहीं, तेव्हां खुद्द दौलतरावांनींच आपला खजिनदार त्यांच्या तंबूशीं धरणें धरावयास धाडला! ज्याच्या पदरीं पलटणी, त्यानेंही तोफ न डागतां माणूस बसवावा, यावरून त्या रूढीची पत कळते.

इंग्रजी कायद्यास ही पत मानवली नाहीं. 1860 च्या दंडसंहितेंत, दैवी कोपाची भीति घालून काम करवून घेणें हा 508 व्या कलमानें गुन्हा ठरला, आणि त्याखालीं दाखला दिला तो धरण्याचाच. पुढें देवाची भीति ओसरली. बसणें मात्र राहिलें.

पाणी धरून ठेवतें तें ‘धरण’, हा त्याच धातूचा दुसरा वंश. 1921 सालीं मुळशींत हे दोन वंश समोरासमोर आले. टाटा कंपनीचें धरण नदी अडवीत होतें, आणि मावळे शेतकरी कामावर ठाण मांडून तें धरण अडवीत होते. सेनापति बापटांनीं तो सत्याग्रह पुढें नेला व तुरुंगवासही भोगला. लढा 1924 पर्यंत चालला. धरण पुरें झालें, आणि मावळांतलीं गांवें पाण्याखालीं गेलीं.