एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट

कळंब, घाटंजी, दिग्रस, वणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत एक तक्रार ठरलेली: "भाऊ, लाईट लागून राहिले, नेटही चालून राहिलं, पण सेटिंगमध्ये जाताच येऊन नाही राहिलं." छताजवळ वायफाय पसरवणाऱ्या ॲक्सेस पॉइंटची पांढरी डबी असते. ती लावणारा पोरगा नोकरीला पुण्याला गेलेला असतो आणि पासवर्डही त्याच्यासोबतच गेलेला असतो. मग कुणीतरी जाणकार येतो, लॅपटॉप उघडतो आणि 192.168 ने सुरू होणारे आकडे टाकायला लागतो. हे आकडे आले कुठून, ते सांगण्याजोगं आहे.

इंटरनेटवरचा जुना पत्ता 32 बिटांचा. त्यातून जेमतेम 430 कोटी पत्ते निघतात. 1990 नंतर संगणक भराभर वाढले, तसे हे पत्ते संपणार असं दिसू लागलं. मार्च 1994 मध्ये इंटरनेटच्या कामकाजाच्या आरएफसी या दस्तऐवज-मालिकेत आरएफसी 1597 हा प्रस्ताव आला. त्याच्या लेखकांत बॉब मॉस्कोविट्झ होते, क्रायस्लर या मोटारी बनवणाऱ्या कंपनीचे. कारखान्यातल्या यंत्रांना आपापसात बोलायचं असतं, जगाशी नाही. मग त्यांच्यावर जगाचे पत्ते का खर्चायचे, हा साधा हिशेब. त्यासाठी तीन पट्टे खासगी वापराला राखून ठेवले. त्यातला सर्वांत लहान पट्टा 192.168 चा, 65,536 पत्त्यांचा.

विरोध लगेच झाला. जुलै 1994 च्या आरएफसी 1627 मध्ये काही जणांनी बजावलं की पत्ता जगात एकमेवच हवा. उद्या दोन कंपन्या एक झाल्या तर त्यांचे पत्ते एकमेकांवर आदळतील. आक्षेप खराच होता. पण याच आक्षेपकांपैकी एलियट लिअर पुढे पहिल्या गटासोबत बसले आणि फेब्रुवारी 1996 मध्ये सर्वांनी मिळून आरएफसी 1918 लिहिला. आजही तोच चालतो. म्हणूनच 192.168.1.1 हा पत्ता उमरखेडच्या घरातही असतो आणि पॅरिसच्याही, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही.

सेटिंगचं पान मात्र त्यानंतरचं. आधी नेटवर्कच्या यंत्राला वेगळी केबल जोडून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत. ते काम शिकलेल्या इंजिनिअरचं. ब्राउझर घरोघरी पोचल्यावर कंपन्यांनी डबीच्या आतच एक छोटा वेब सर्व्हर बसवला. व्हिक्टर आणि जेनी त्साओ या जोडप्याने 1988 मध्ये काढलेल्या लिंक्सिसने असे राउटर सामान्यांच्या हाती दिले. भारतात जानेवारी 2005 मध्ये वायफायच्या रेडिओ लहरींचा 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि घरात, अंगणात वायफाय लावायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली.

आता मूळ अडचण. मुख्य राउटर लॅपटॉपला समजा 192.168.1.7 असा पत्ता देतो. ॲक्सेस पॉइंट मात्र कारखान्यातून निघताना मिळालेल्या पत्त्यावर बसलेला, टीपी-लिंकच्या अनेक ॲक्सेस पॉइंटचा तो 192.168.0.254. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे लॅपटॉपच्या लेखी ते दुसरं नेटवर्क. तो निरोप राउटरकडे सोपवतो, राउटरला पुढची वाट माहीत नसते, आणि दोन हातांवरची डबी सापडत नाही. जाणकार काय करतो? डबीला थेट केबल लावतो, लॅपटॉपला हातानेच 192.168.0.10 हा पत्ता आणि 255.255.255.0 हा मास्क देतो. ब्राउझरमध्ये पत्त्याआधी एचटीटीपी टाइप करतो, आणि पान उघडतं. डबीने राउटरकडूनच पत्ता घेतला असेल, तर राउटरच्या यादीत तिच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राची कारखान्यातच ठरलेली ओळख, शोधायचा.

पान उघडलं तरी पासवर्ड हवाच. इथे बहुतेक जण पिन घेऊन रिसेटच्या भोकाकडे धावतात. मला ती घाई पटत नाही. रिसेटने पासवर्डसोबत सगळी मांडणी जाते, आणि डबीच जर राउटर असेल तर नेटवाल्याने दिलेला आयडीही जातो. याहून हळुवार उपाय लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी मुळे जन्मला. डिसेंबर 2002 मध्ये बाजारात आलेल्या या राउटरचा सोर्स कोड पुढच्याच वर्षी खुला झाला आणि त्यातून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरमध्ये घालायचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. ते घातलेली डबी सुरू होताना ठरल्या वेळी बटण दाबलं की ती फेलसेफ अवस्थेत, 192.168.1.1 वर उघडते. आत जाऊन नुसता पासवर्ड बदलता येतो, बाकीची मांडणी जागेवर राहते. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

पूर्वी रिसेट केल्यावर बऱ्याच डब्यांवर ॲडमिन-ॲडमिन चालायचं. 2016 मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने असेच साठेक ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यानंतर कॅलिफोर्नियात 2020 पासून आणि ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून असे सरसकट पासवर्ड कायद्याने बंद झाले. आता बऱ्याच डब्यांचा पासवर्ड वेगवेगळा आणि स्टिकरवर छापलेला. आपल्याकडे उघड्या गच्चीवर लावलेल्या डबीचं स्टिकर दोन उन्हाळ्यांत पांढरं पडतं. म्हणून डबी वर चढवण्याआधी स्टिकरचा फोटो काढावा. तिचा पत्ता, मॅक आणि पासवर्ड कागदावर लिहून पाकीट ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या कपाटात ठेवावं, आणि जडवस्तू नोंदवहीत डबीच्या ओळीपुढे त्या पाकिटाची नोंद करावी.