नागपाड्याचे अब्बासभाई

आपल्या पटांगणाच्या कडेचे ते दोन लोखंडी खांब सर्वांना आठवत असतील. आपला जीव क्रिकेट आणि कबड्डीत. धुळ्याचे संघ जळगावला यायचे तेही कबड्डीसाठीच. त्या खांबांवर डबे वाळत घालायचे आणि दप्तरे टांगायची, एवढाच त्यांचा उपयोग. नोकरीनिमित्त मुंबईला गेल्यावर नागपाड्यात गल्लीतली पोरे बास्केटबॉल खेळताना पाहिली आणि मी चाटच पडलो.

तिथे हा खेळ रुजला तो नागपाडा नेबरहूड हाऊसमुळे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये दाट वस्तीत हे केंद्र काढले. १९३६ मध्ये त्याच वास्तूत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली, तीच आजची टिस. पहिले संचालकही मॅनशार्टच. म्हणजे एकाच इमारतीतून समाजकार्यकर्तेही घडले आणि बास्केटबॉलपटूही.

याच वस्तीत अब्बास मुंतसिर घडले. १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि १९७५ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. त्या वेळी आपला संघ चौथा आला. माझ्या मते हे यश आपण फारच लवकर विसरलो. त्या काळी या खेळात व्यावसायिक लीग नव्हती. चांगल्या खेळाडूला रेल्वेसारख्या ठिकाणी नोकरी मिळाली की तेच त्याचे मानधन. आपल्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

अब्बासभाईंबद्दल मला आदर वाटतो तो मात्र पुढच्या गोष्टीसाठी. देशाकडून खेळून झाल्यावर त्यांनी नागपाड्याच्या पोरांना शिकवले. ज्या कोर्टवर आपण चेंडू धरायला शिकलो, तिथेच दुसऱ्याला शिकवणे हा काही प्रसिद्धीचा धंदा नाही. पण एका मोहल्ल्यातून पिढ्यानपिढ्या राज्याचे आणि देशाचे खेळाडू निघतात, ते अशाच परत येणाऱ्या माणसांमुळे.

यंदाच्या मेळाव्यात पटांगणाचा विषय निघणार आहे. खांब काढून तिथे वाहनतळ करावा, असे काहींचे म्हणणे आहे. माझे मत विरुद्ध आहे आणि ते मी बैठकीत मांडणार आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या, त्या जमिनीपासून दहा फुटांवर होत्या. रिंगची उंची आजही तेवढीच आहे. आपली रिंग किती उंच आहे ते मोजायला मी टेप घेऊन येतो आहे. शिडी मात्र कोणीतरी आणावी.