पदवीच्या आधीची तयारी

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटलं की आपल्याला १८८६ची पदवी आठवते. मी फौजी माणूस. चढाईआधी तयारी काय होती, हे मी पाहतो.

चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचा विचार तिथून रुजला. गोपाळराव पोस्टखात्यात, त्यामुळे बदल्यांमागून गावं बदलत राहिली. तरी इंग्रजीचा अभ्यास सुटला नाही. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंशी इंग्रजीत पत्रव्यवहार सुरू झाला.

फेब्रुवारी १८८३मध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला सतरा वर्षांच्या आनंदीबाई भर सभेत इंग्रजीत बोलल्या. अमेरिकेलाच का? एकटीच का? जातीने वाळीत टाकलं तर? लोकांचे आक्षेप त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. मोहिमेआधीचं इतकं नेटकं ब्रीफिंग मी फौजेतही क्वचित ऐकलं. एप्रिलमध्ये त्या पतीविना बोटीत चढल्या.

पदवी मिळाली, पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली.

नीटची तयारी करणाऱ्या मुलामुलींनो, गुणांनी प्रवेश मिळेल. पण घाबरलेल्या नातेवाइकांशी त्यांच्या भाषेत शांतपणे बोलणं कुठल्याही गुणपत्रिकेत येत नाही. इंदूरला असा, हैदराबादला असा, तिथली बोली आजपासून कानावर घ्या. चारचौघांत उभं राहून बोलायची सवय करा. आनंदीबाईंनी कॉलेजचं दार दिसण्याआधीच ती केली होती.

जय हिंद.