कोनशिलेमागचा इतिहास

एखादी नवी वास्तू उभी राहिली की तिच्या दाराशी एक शिळा बसते. देणगीदाराचे नाव, पायाभरणी करणाराचे नाव, तिथी आणि साल एवढे तीवर कोरलेले असते. वास्तू कोणी बांधली हे ती शिळा सांगते. ती बांधावी का लागली, हे मात्र इतिहासालाच विचारावे लागते.

मुंबईत परळला केवळ मुलांसाठी एक रुग्णालय १९२९ साली सुरू झाले. त्याला नाव आहे बाई जेरबाई वाडिया यांचे. त्यांचे पती नवरोसजी यांनी १८७९ साली बॉम्बे डाइंग कंपनीचा पाया घातला. त्यांच्या नावाचे प्रसूतिगृह शेजारीच १९२६ साली निघाले होते. सर नेस व सर कुसरो या दोघा पुत्रांनी उभारलेली ही आईबापांची स्मारके. दान मोठे, यात शंका नाही.

पण हे परळलाच का? कारण परळ म्हणजे गिरणगाव. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात, तो जन्म शहरात नोंदला जात नसे. म्हणून हा आकडा थोडा फुगलेला आहे, हे आम्ही मान्य करतो. तरीही एका खोलीच्या चाळींतील हाल काही खोटे ठरत नाहीत. आई कामावर असताना मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. ती आईची निर्दयता नव्हे; घरी राहिले तर मजुरी बुडे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून १९२९ सालचीच दुसरी एक गोष्ट आम्हांला तितकीच मोलाची वाटते. त्या वर्षी मुंबई इलाख्यात गिरणीकामगार स्त्रियांसाठी प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. १९२८ साली या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. रुग्णालय आजारी मुलाला वाचविते. कायदा मूल आजारी पडू नये म्हणून आईला घरी बसू देतो. पहिल्याची शिळा दाराशी असते, दुसऱ्याची कोठेच नसते.

श्रोतेहो, फुलसावंगीचा हा यवतमाळ जिल्हा कापसाचा. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई, आणि तो वेचणाऱ्या बायांची मुलेही धुऱ्यावरच्या झोळीत निजत. त्यांच्यासाठी १९२९ चा कायदा नव्हता, कारण तो कारखान्यापुरता होता. २०२० साली महाराष्ट्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १६ वर आले, हे समाधानाचे आहे. पण त्या सोळांत शेतमजुरांची किती, हे आपण विचारले पाहिजे. पुढे एखाद्या बालरुग्णालयाची कोनशिला वाचाल, तेव्हा तीवरची नावे आदराने वाचा, आणि जिच्या मुलासाठी ती बसली त्या आईला कामावरून घरी राहता येते काय, हेही विचारा.