'शैतान' चित्रपट : वशीकरण, संमोहन आणि जादूटोणा कायदा – पडद्यावर दाखवले ते किती खरे?

अनोळखी माणसाने दिलेले खाल्ले आणि घरातली वयात आलेली पोरगी त्याच्या शब्दाबाहेर जाईना. एवढ्या एका गोष्टीवर 'शैतान' हा हिंदी चित्रपट उभा आहे. ८ मार्च २०२४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी तो प्रदर्शित झाला. जगभरात २०० कोटी रुपयांच्या वर धंदा त्याने केला. नंतर तो मोबाईलवर आला आणि तालुक्याला थिएटर नसलेल्या गावांतही घरोघरी बघितला गेला.

चित्रपट बघून झाल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. असे खरेच करता येते का? कोणी मंत्र टाकून पोरीला वश करू शकतो का? चित्रपटाची गोष्ट, त्यातल्या वशीकरणाचा आणि संमोहनाचा खरा-खोटा भाग आणि महाराष्ट्रातला कायदा याची ही माहिती.

गोष्ट काय आहे?

कबीर (अजय देवगण), त्याची बायको ज्योती (ज्योतिका), मुलगी जान्हवी (जानकी बोडीवाला) आणि लहान मुलगा ध्रुव असे चौघांचे कुटुंब सुट्टीला आपल्या फार्महाऊसवर निघते. वाटेत ढाब्यावर वनराज (आर. माधवन) नावाचा माणूस ओळख काढतो. बोलायला गोड, वागायला सज्जन. तो जान्हवीला खायला देतो आणि तिथून पुढे ती त्याच्या ताब्यात जाते.

वनराज त्यांच्या मागोमाग फार्महाऊसवर येतो. मोबाईल चार्ज करायचा आहे असे निमित्त सांगून घरात शिरतो. मग तो सांगेल ते जान्हवी करते. नाच म्हटले की नाचते, हस म्हटले की हसत सुटते, कोरडी चहापत्ती खाते, स्वतःच्या भावावर हात उचलते. तिला सगळे समजत असते, पण शरीर ऐकत नाही. वनराजची मागणी एकच, मुलगी मला देऊन टाका. तेही आईबापांनी स्वतःच्या तोंडाने 'दिली' म्हटले पाहिजे. एका रात्रीत हे सगळे घडते. शेवट ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी इथे सांगत नाही. दिग्दर्शन विकास बहल यांचे आहे.

मूळ चित्रपट गुजराती

'शैतान' हा 'वश' या गुजराती चित्रपटावरून केला आहे. कृष्णदेव याज्ञिक यांचा 'वश' फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. त्यात हितेन कुमार यांनी वश करणाऱ्या माणसाचे काम केले. हितू कनोडिया आणि नीलम पांचाल आईबापांच्या भूमिकेत होते. मुलीचे काम जानकी बोडीवाला यांनीच केले होते. हिंदीतही तीच भूमिका पुन्हा त्यांच्याकडेच आली.

२०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'वश'ला सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार जानकी बोडीवाला यांना मल्याळम अभिनेत्री उर्वशी यांच्यासोबत विभागून मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'वश लेव्हल २' हा पुढचा भाग आला. त्यात एका घराऐवजी मुलींची अख्खी शाळाच वश झालेली दाखवली आहे.

वशीकरण म्हणजे काय?

जुन्या तंत्रग्रंथांत षट्कर्मे सांगितली आहेत. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण ही ती सहा. दुसऱ्याचे मन आपल्या ताब्यात आणणे म्हणजे वशीकरण. खेड्यापाड्यांत यालाच मोहिनी घालणे म्हणतात. करणी, भानामती, चेटूक, मूठ मारणे हे शब्दही त्याच पंक्तीतले.

ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते घडते असे नाही. मंत्राने माणूस वश झाल्याचे आजवर कोणी तपासणीसमोर सिद्ध करून दाखवलेले नाही. तरी एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर 'वशीकरण, प्रेमविवाह, सवत-मुक्ती, २४ तासांत गुण' असल्या जाहिराती आजही दिसतात. गंडा, ताईत, कवच यांनी आजार बरा होतो असे सांगणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे.

संमोहन वेगळे

चित्रपटात मंत्रतंत्र आणि संमोहन एकमेकांत मिसळून टाकले आहे. प्रत्यक्षात संमोहन ही मानसशास्त्रातली अभ्यासलेली गोष्ट आहे.

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरने पॅरिसमध्ये 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोगी बरे करण्याचा दावा केला. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. परिणाम दिसतो तो चुंबकत्वाचा नसून रोग्याच्या कल्पनेचा आहे, असे समितीने सांगितले. पुढे १८४० च्या दशकात जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने झोपेसाठीच्या ग्रीक शब्दावरून 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केले. आपल्या देशातही बंगालमधल्या हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरने १८४५ पासून ही पद्धत वापरून मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा भुलीचे औषध वापरात आले नव्हते.

आज प्रशिक्षित डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ वेदना, भीती, चिंता यांवर मदत म्हणून संमोहन वापरतात. माणूस त्यात झोपलेला नसतो. त्याचे लक्ष एका ठिकाणी एकवटलेले असते आणि तो सूचना सहज स्वीकारतो. त्यासाठी त्याची तयारी लागते. नको म्हणणाऱ्याला ढाब्यावर घास भरवून गुलाम करता येत नाही.

मग माणूस नको ते का करतो?

याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात मिळते. १९६५ मध्ये मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी संमोहित लोकांना विषारी साप हातात धरायला, ॲसिडमध्ये हात घालायला आणि ॲसिड दुसऱ्याच्या अंगावर फेकायला सांगितले. बहुतेक जण तयार झाले. इजा होऊ नये याची व्यवस्था आधीच केली होती.

मात्र संशोधकांनी दुसरा एक गटही ठेवला होता. त्यांना संमोहित केलेच नव्हते, फक्त तसे सोंग करायला सांगितले होते. त्यांनीही तेच केले! नंतर विचारल्यावर लोकांनी सांगितले की समोरचा माणूस जाणकार आहे, तो आपले वाईट होऊ देणार नाही असे वाटले.

म्हणजे काम केले ते विश्वासाने. गावातल्या भोंदूचे भांडवलही तेच असते. 'महाराज जाणते आहेत' हा विश्वास, आणि त्याच्या जोडीला 'ऐकले नाही तर घराचे वाटोळे होईल' ही भीती.

पडद्यावरचा वनराज आणि गावातला भोंदू

वनराजचा मंत्र बाजूला ठेवला तर त्याच्या पायऱ्या ओळखीच्या वाटतील. आधी गोड बोलून ओळख, मग खायला-प्यायला देणे, मग निमित्त काढून घरात शिरणे. पुढे घरच्यांना बाहेरच्यांपासून तोडणे आणि शेवटी आईबापांच्याच तोंडून हो म्हणवून घेणे. भोंदूगिरीच्या गुन्ह्यांतही हाच क्रम असतो. प्रसादात किंवा चहात गुंगीचे औषध घालून लुटल्याचे गुन्हे पोलिसांना नवीन नाहीत. त्यात मंत्र नसतो, गोळ्या असतात.

महाराष्ट्राने याचे सगळ्यात भयंकर रूप परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे पाहिले आहे. १९७२ ते १९७४ या काळात तिथे एकापाठोपाठ एक मुली आणि बायकांचे खून झाले. गुप्तधन आणि मूलबाळ यांसाठी अघोरी पूजा, असा तो प्रकार तपासात पुढे आला. तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केला. त्यांच्या पुस्तकावरून २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिकाही आली. तिथे कोणतीही दैवी शक्ती नव्हती. माणसांनीच माणसे मारली होती आणि माणसांनीच ती शोधून काढली.

कायदा काय सांगतो?

'शैतान'मध्ये पोलीस घरापर्यंत येऊनही काही करू शकत नाहीत. महाराष्ट्रात मात्र यासाठी वेगळा कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. नंतर कर्नाटकाने २०१७ मध्ये आणि 'वश' जिथे तयार झाला त्या गुजरातने २०२४ मध्ये असे कायदे केले.

महाराष्ट्राच्या कायद्यातल्या ठळक बाबी :

- शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.
- भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, चटके देणे गुन्हा आहे.
- एखाद्याला करणी करणारा किंवा सैतानाचा अवतार ठरवणे, त्यावरून त्याला त्रास देणे गुन्हा आहे.
- साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे गुन्हा आहे.
- अंगात विशेष शक्ती आहे असे भासवून किंवा मूल होण्याची हमी देऊन बाईशी शरीरसंबंध ठेवणे गुन्हा आहे.
- अशा प्रकारांना मदत करणारा आणि त्यांचा प्रचार करणाराही दोषी धरला जातो.

पूजाअर्चा, वारी, यात्रा, भजन, कीर्तन, हरिपाठ यांना हा कायदा हात लावत नाही. 'कायदा देवाच्या विरोधात आहे' असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे.

तिसऱ्या बाबीकडे लक्ष द्यायला हवे. पडद्यावर 'शैतान' हा श्रीमंतांच्या फार्महाऊसवर आलेला परका माणूस आहे. गावात मात्र हे नाव बहुतेक वेळा गरीब, एकट्या, म्हाताऱ्या बाईला चिकटवले जाते. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण केल्याची, गावाबाहेर काढल्याची प्रकरणे घडलेली आहेत. अशा वेळी कायदा त्या बाईच्या बाजूने आहे.

मुलीच्या वागण्यात फरक पडला तर

पोरगी एकाएकी गप्प झाली, विनाकारण हसते-रडते, जेवत नाही, झटके येतात. असा चित्रपट बघितलेल्या घरात 'हिला कोणी वश केले' असे मनात येणे सोपे आहे. तिथून भगताची वाट धरली जाते आणि उपचाराचे दिवस वाया जातात.

यामागे फिट्स, नैराश्य, विषबाधा किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. कोणीतरी तिला धमकावत असेल किंवा तिच्यावर अत्याचार होत असेल, हेही असू शकते. तिला आधी डॉक्टरकडे न्यावे. तिच्याशी एकांतात, न रागावता बोलावे. मनाच्या आजारासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मूल अडचणीत असेल तर १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. भोंदूविरुद्ध तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. त्यासाठी कायद्याने निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.

चित्रपट म्हणून 'शैतान' जरूर बघावा. माधवन आणि जानकी बोडीवाला यांचे काम अंगावर काटा आणणारे आहे. लहान मुलांना मात्र दाखवू नये. बघून झाल्यावर घरातल्या पोरींना एक गोष्ट आवर्जून सांगावी. कोणी कितीही धाक घातला, शपथ घातली, 'घरी सांगितलेस तर आईबाप मरतील' असे म्हटले, तरी घरी येऊन सांगायचे. आणि ती सांगेल तेव्हा घरच्यांनी आधी तिचे ऐकायचे.